न झालेला दहावा सामना : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१ चा फुटबॉल हंगाम

क्रीडासंघाच्या हंगामाचा इतिहास सामान्यतः खेळल्या गेलेल्या सामन्यांवरून लिहिला जातो, आणि गुणफलक, वृत्तपत्रांतील वर्णने व खेळाडूंच्या नावापुढील आकडे एवढी साधने त्यासाठी बहुधा पुरतात. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ च्या अमेरिकन फुटबॉल संघाला मात्र ही रीत लागू पडत नाही. या संघाने त्या शरद ऋतूत नऊ सामने खेळून नऊही जिंकले. तरीही आज त्याची आठवण निघते ती ज्या दहाव्या सामन्याचे निमंत्रण त्याला मिळाले नाही त्या सामन्यामुळे. न झालेल्या गोष्टीचा दस्तऐवज नसतो, आणि ती का झाली नाही याची कारणे तर अनेकदा मुद्दामच कागदावर येऊ दिली जात नाहीत. या हंगामाकडे पाहताना ही अडचण बाजूला सारता येत नाही, कारण या प्रकरणाचे मर्म याच अडचणीत आहे.

मराठी वाचकासाठी प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कोल्हापुरात किंवा गोव्यात ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशी अमेरिकन फुटबॉलचे नाते दूरच्या चुलतभावाचे आहे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात, चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळता येतो. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड (एक यार्ड म्हणजे एक मीटरहून किंचित कमी) पुढे सरकावे लागते. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाउन’ होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात. आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा हे वेगवेगळे खेळाडू असू शकतात. १९४१ नंतर खेळाडू बदलण्याचे नियम शिथिल झाल्यावर ही दुहेरी संघाची पद्धत रूढ झाली आणि प्रत्येक महाविद्यालयाला पूर्वीपेक्षा जास्त खेळाडू, पर्यायाने जास्त शिष्यवृत्त्या, पोसाव्या लागल्या. हा तपशील तांत्रिक वाटला तरी पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे ‘बोल’. महाविद्यालयीन हंगाम नोव्हेंबरअखेर संपल्यावर नववर्षाच्या सुमारास हवामान सौम्य असलेल्या काही शहरांत निमंत्रित संघांचे एकेकच सामने होत. स्टेडियमच्या वाडग्यासारख्या आकारावरून त्यांना बोल हे नाव पडले. पॅसाडीनाचा रोझ बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, मायामीचा ऑरेंज बोल, डॅलसचा कॉटन बोल हे त्यांतले प्रमुख. यांत बाद फेरी नव्हती, पात्रतेचे निकष नव्हते आणि दाद मागण्याची सोय तर नव्हतीच. यजमान शहरातील व्यापारी व प्रतिष्ठित नागरिकांच्या समित्या आपल्याला हवे ते संघ बोलावत. लग्नाच्या पंगतीला कोणाला बोलवायचे हा जसा यजमानाचा अधिकार, तसाच हा अधिकार मानला जाई. निमंत्रित संघाला उत्पन्नातला मोठा वाटा मिळे, आणि लहान महाविद्यालयाच्या फुटबॉलचा वर्षभराचा तोटा त्या एका दिवसात भरून निघू शके. रोझ बोल मात्र १९४७ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरील आणि मध्य-पश्चिमेतील दोन महाविद्यालयीन संघटनांच्या करारात बांधला गेला होता. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ कोणत्याच संघटनेचे सदस्य नसल्याने घराजवळचे हे दार त्याला मुळातच बंद होते, आणि उरलेली बहुतेक मोठी दारे दक्षिणेकडे उघडत होती.

हे विद्यापीठ जेझुइट धर्मगुरूंनी १८५५ मध्ये, सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीने सॅन फ्रान्सिस्को फुगत असताना स्थापन केले. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय याच धर्मसंघाने १८६९ मध्ये उभारले, म्हणजे एका अर्थाने दोन्ही संस्था एकाच घराण्यातल्या. सॅन फ्रान्सिस्कोची संस्था आकाराने लहान होती आणि तिच्या विद्यार्थ्यांत शहरातील कष्टकरी कॅथलिक कुटुंबांतील मुलांचा भरणा होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४ च्या कायद्याने सरकारने उचलल्यामुळे तिच्या वर्गांत आणि मैदानावर युद्ध पाहिलेले तरुण आले. बचाव फळीतला जिनो मार्केटी हा बल्जच्या लढाईत मशीनगन चालवून आलेला होता. संघाची अधिकृत बिरुदावली ‘डॉन्स’ अशी होती. स्पॅनिश भाषेत ‘डॉन’ हे आदरार्थी संबोधन आहे. स्वतःचे मोठे स्टेडियम नसल्याने हा संघ घरचे सामने गोल्डन गेट उद्यानाच्या कोपऱ्यावरील केझर या नगरपालिकेच्या स्टेडियमवर खेळे.

प्रशिक्षक जो कुहॅरिच यांनी १९४८ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि चार वर्षांत हा संघ घडवला. ते स्वतः नोत्र दाम या विख्यात कॅथलिक विद्यापीठाचे माजी खेळाडू होते आणि कठोर शिस्तीबद्दल प्रसिद्ध होते. संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसन टेक्सासमध्ये जन्मलेला, पण सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला. टोलर टेनेसी राज्यातील मेम्फिसचा. दोघेही आधी शहराच्या सिटी कॉलेजात खेळले आणि तेथून या विद्यापीठात आले. टोलरची वाट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९५१ मध्ये देशातील पहिल्या क्रमांकाचा संघ म्हणून वृत्तसंस्थेच्या मतदानात निवड झाली ती टेनेसी विद्यापीठाची, म्हणजे टोलरच्या स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठाची; पण त्या विद्यापीठाने पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९६१ मध्ये. राज्याच्या मैदानावर उतरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण राज्याच्या वर्गातही त्याला बसता आले नसते.

या दोघांभोवती जे इतर होते त्यांतले कित्येक पुढे व्यावसायिक खेळात गाजले. मार्केटीचा उल्लेख झालाच. चेंडू फेकून आक्रमणाचे सूत्रचालन करणारा, म्हणजे ‘क्वार्टरबॅक’, एड ब्राउन होता. सहा फूट नऊ इंच उंचीचा बॉब सेंट क्लेअर शाळेत, महाविद्यालयात आणि नंतर व्यावसायिक संघातही केझर स्टेडियमवरच खेळला. आज त्या मैदानाला त्याचेच नाव आहे. मैदानाबाहेर बसून वृत्तपत्रांना संघाच्या बातम्या पुरवणारा पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण होता. हा प्रसिद्धी-प्रमुख पुढे, १९६० मध्ये, नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेचा आयुक्त झाला आणि जवळजवळ तीस वर्षे त्या पदावर राहिला. एका लहान महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या संघातून मॅटसन, मार्केटी व सेंट क्लेअर हे तीन खेळाडू आणि हा प्रसिद्धी-प्रमुख असे चौघे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात जावेत, याला अमेरिकेच्या क्रीडाइतिहासात क्वचितच तोड सापडेल.

हंगामाचा आलेख चढता आणि जवळजवळ एकसुरी आहे. सॅन होजे स्टेटवर ३९-२ असा विजय मिळवून सुरुवात झाली. मग आयडाहो २८-७, कँप पेंडलटन येथील मरीन दलाचा संघ २६-०, पुन्हा सॅन होजे ४२-७. युद्धोत्तर काळात लष्करी तळांचे संघही महाविद्यालयांशी खेळत, आणि सामने मिळवताना अडचण येणाऱ्या लहान विद्यापीठांना त्यांचा आधार असे. सॅन दिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्राच्या संघावर मिळवलेला २६-७ हा विजय त्याच जातीचा. सँटा क्लॅरा या शेजारच्या जेझुइट विद्यापीठालाही २६-७ असेच हरवले. या सगळ्यांत चुरशीचा सामना एकच झाला, तो न्यू यॉर्कमध्ये फोर्डम विद्यापीठाशी. फोर्डमही जेझुइटांचेच, पण ते पूर्वेकडील नामांकित संघांत गणले जाई आणि देशातल्या वजनदार क्रीडापत्रकारांची वस्तीही तेथेच होती, म्हणून पश्चिमेच्या अनोळखी संघासाठी ती परीक्षा होती. सामना ३२-२६ असा निसटता जिंकला गेला आणि तो जिंकून दिला मॅटसनने. गुण झाल्यानंतर किंवा सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाची सुरुवात होताना चेंडू लाथेने प्रतिपक्षाकडे दूर धाडला जातो, त्याला ‘किकऑफ’ म्हणतात. तो झेलून समोरून धावत येणाऱ्या अकरा जणांमधून वाट काढत मैदानाचे दुसरे टोक गाठणे हा या खेळातला दुर्मीळ पराक्रम मानला जातो. मॅटसनने त्या दिवशी तो दोनदा केला.

हंगामअखेर मॅटसनच्या नावावर नऊ सामन्यांत १,५६६ यार्डांची धाव आणि २१ टचडाउन होते. दोन्ही बाबतींत देशात तो पहिला होता, शिवाय बचावातही तो खेळत असे. वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिल्या जाणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो नववा आला. करंडक प्रिन्सटनच्या डिक कॅझमायरला गेला, जो स्वतः उत्तम खेळाडू होता आणि ज्याचा संघही अपराजित होता. तरीही देशातील सर्वाधिक धाव करणारा नवव्या क्रमांकावर बसतो यामागे केवळ खेळाचे मोजमाप होते असे मानणे कठीण आहे. पश्चिमेचे लहान महाविद्यालय, तुलनेने दुबळे प्रतिस्पर्धी आणि खेळाडूचा वर्ण ही तीन कारणे त्या निकालात अशी एकजीव झालेली आहेत की त्यांतले नेमके कोणते किती, हे वेगळे काढता येत नाही. पुढच्या मोठ्या निर्णयाबाबत हीच स्थिती आहे.

त्याच हंगामातील ऑक्टोबर महिना दुसऱ्या एका घटनेसाठी लक्षात राहिला. ऑक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे २० ऑक्टोबरला ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्यावर, चेंडू त्याच्याजवळ नसताना, प्रतिपक्षाच्या खेळाडूने वार केले आणि त्याचा जबडा मोडला. आयोवातील एका वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी हा प्रसंग क्रमाने टिपला. त्या चित्रमालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्राइटच्या बाबतीत अन्याय कॅमेऱ्यासमोर घडला आणि त्याचा पुरावा छायाचित्रांत राहिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला नाकारण्याची क्रिया मात्र बंद खोल्यांत, दूरध्वनीवर आणि सौजन्याच्या भाषेत झाली.

नोव्हेंबरच्या मध्याला स्टॉक्टन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी सामना होता. पॅसिफिकचा संघ बलवान होता आणि दोहोंपैकी जो जिंकेल त्याला बोलचे निमंत्रण मिळेल अशी चर्चा होती. सॅन फ्रान्सिस्कोने तो ४७-१४ असा एकतर्फी जिंकला. त्यानंतर लॉस एंजलिसच्या लोयोला विद्यापीठावर २०-२ अशी मात करून हंगाम पुरा झाला. हा शेवटचा सामना पॅसाडीनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये झाला. म्हणजे ज्या सामन्याला हा संघ जाऊ शकत नव्हता त्याच्या वास्तूत मात्र तो खेळून आला. निमंत्रणे निघाली तेव्हा ऑरेंज बोलला जॉर्जिया टेक आणि बेलर हे दक्षिणेकडील संघ बोलावले गेले, शुगर बोलला मेरिलँड आणि टेनेसी. ४७-१४ असा हरलेला पॅसिफिकचा संघ टेक्सासमधील एल पासो येथील सन बोलला गेला. त्याला हरवणारा संघ घरी राहिला.

याचे जे स्पष्टीकरण खेळाडूंनी आयुष्यभर दिले ते असे : मॅटसन आणि टोलर यांना सोडून आलात तर निमंत्रण मिळेल, असे संघाला सुचवण्यात आले आणि संघाने ते एकमुखाने धुडकावले. दक्षिणेत रूढ असलेल्या ज्या पद्धतीचा येथे संबंध येतो तिला इंग्रजीत सद्गृहस्थांमधला समझोता असे गोड नाव होते. दक्षिणेच्या संघाशी सामना असेल तर उत्तरेच्या वा पश्चिमेच्या संघाने आपला कृष्णवर्णीय खेळाडू आपणहून बाकावर बसवावा, म्हणजे यजमानाला नाही म्हणण्याचा अप्रिय प्रसंग येत नाही, असा त्याचा अर्थ. तो कोणी सही केलेला करार नव्हता आणि म्हणूनच तो मोडल्याचा वा पाळल्याचा पुरावा मागणे व्यर्थ होते. मराठी वाचकाला ही रचना अपरिचित नाही. पालवणकर बाळू या दलित क्रिकेटपटूंना हिंदू संघाचे नेतृत्व करता येणार नाही असा नियम मुंबईच्या क्रिकेट स्पर्धांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता, आणि तरी त्यांना ते कधी मिळाले नाही.

आता या कथनाची छाननी. संघाला औपचारिक, लेखी निमंत्रण आले होते, त्यात वर्णाची अट होती आणि ते मतदानाने नाकारले गेले, अशी जी रूपरेषा लोकप्रिय वर्णनांत दिसते तिला कागदाचा आधार नाही; असण्याची अपेक्षाही धरता येत नाही. बोल समित्यांची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद असा की या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, त्याचे नाव देशभर झालेले नव्हते आणि वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत तो अपराजित असूनही चौदावाच होता. हा युक्तिवाद निराधार नाही. लष्करी तळांचे दोन संघ आणि एकाच सॅन होजेशी दोन सामने असलेले वेळापत्रक पाहून कोणाही तटस्थ माणसाने भुवई उंचावली असती. पण क्रमवारीची अडचण पॅसिफिकला आडवी आली नाही, आणि हा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही.

पॅसिफिकचे उदाहरण मात्र दुधारी आहे. त्या संघात एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि जानेवारी १९५२ च्या सन बोलमध्ये तो खेळला. त्या सामन्यात उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९४८ च्या हंगामानंतर, याच सन बोलने पेनसिल्व्हेनियातील लाफायेत महाविद्यालयाला त्याच्या डेव्हिड शोवेल या खेळाडूशिवाय येण्यास सांगितले होते आणि त्या महाविद्यालयाने नकार दिला होता. डॅलसच्या कॉटन बोलमध्ये १९४८ च्या नववर्षदिनी पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळून गेले होते. म्हणजे दक्षिण एकसंध नव्हती; टेक्सासची कुंपणे मोडू लागली होती, तर मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची अद्याप घट्ट होती. शुगर बोलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पिट्सबर्गचा बॉबी ग्रीअर, उतरला तो थेट जानेवारी १९५६ मध्ये, आणि तेव्हाही जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी आपल्या राज्याच्या संघाने खेळू नये म्हणून जाहीर आकांडतांडव केले; त्यानंतर काही महिन्यांतच लुइझियाना राज्याने मिश्रवर्णीय सामन्यांवर बंदी घालणारा कायदाच केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघावर बंद झालेले दार हे दक्षिणेचे एकमेव दार नव्हते, तर ज्या सामन्यांत पैसा आणि प्रतिष्ठा सर्वाधिक होती त्यांचे होते. सर्व बाजू जमेस धरता निष्कर्ष असा निघतो की वर्ण हे नाकारण्याचे एकमेव कारण होते हे सिद्ध करता येत नाही, पण वर्ण नसता तर उरलेली कारणे पुरेशी ठरली असती हेही पटण्यासारखे नाही. अलिखित नियमाची सोय नेमकी हीच असते की त्याच्याआड दुसरे एखादे सभ्य कारण नेहमी उभे करता येते.

यानंतर थोड्याच काळात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. रूढ कथेत या दोन गोष्टी कार्यकारणाने जोडलेल्या असतात : बोलचे पैसे आले असते तर संघ वाचला असता, म्हणून खेळाडूंनी मित्रांसाठी स्वतःच्या संघाचाच बळी दिला. कथा म्हणून ही जुळणी प्रभावी आहे, पण हिशेबाला ती टिकत नाही. सेंट मेरीज या शेजारच्या कॅथलिक महाविद्यालयाने १९५० च्या हंगामानंतरच हा खेळ सोडला होता. लोयोलाने १९५१ नंतर सोडला. सँटा क्लॅराने १९५२ नंतर. यांतील सँटा क्लॅराचे उदाहरण निर्णायक मानावे लागते, कारण त्या विद्यापीठाला बोलचे पैसे मिळालेले होते. जानेवारी १९५० मध्ये त्याने ऑरेंज बोलमध्ये केंटकीला २१-१३ असे हरवले होते, आणि तरीही तीन वर्षांत त्याचा संघ मोडीत निघाला. १९४६ पासून ‘फोर्टी नाइनर्स’ हा व्यावसायिक संघ त्याच केझर स्टेडियमवर खेळू लागला होता आणि प्रेक्षक तिकडे वळत होते. दूरचित्रवाणीमुळे माणसे घरबसल्या मोठ्या विद्यापीठांचे सामने पाहू लागली होती, इतकी की १९५१ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेला प्रक्षेपणावर निर्बंध आणावे लागले. आणि दुहेरी संघपद्धतीने शिष्यवृत्त्यांचा बोजा वाढला होता. ही पद्धत १९५३ मध्ये रद्द झाली, पण या महाविद्यालयांना ते फार उशिरा होते. एका ऑरेंज बोलने सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला फार तर एक-दोन हंगाम मिळाले असते. बलिदानाची किंमत फुगवून सांगण्याची मुळात गरजही नाही. खेळाडूंचे कथन खरे मानले तर मार्केटीसारख्या गौरवर्णीय खेळाडूंना तो सामना खेळता आला असता आणि त्यांनी तो खेळला नाही, एवढी गोष्ट त्यांच्याविषयी पुरेसे सांगते.

त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने चारच वर्षांनी, १९५५ आणि १९५६ मध्ये, बिल रसेल व के. सी. जोन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर लागोपाठ दोनदा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले आणि ६० सामने सलग जिंकण्याचा विक्रम केला. येथे विचारात घेण्याजोगी गोष्ट व्यवस्थेची आहे. बास्केटबॉलला मैदानावर पाचच खेळाडू लागतात, त्यामुळे लहान संस्थेला ते परवडते. आणि त्याचे अजिंक्यपद नियमबद्ध बाद स्पर्धेतून ठरते, कोणा शहराच्या व्यापाऱ्यांच्या पसंतीतून नव्हे. रसेलच्या संघाला फक्त जिंकत राहायचे होते. मॅटसनच्या संघाला जिंकूनही कोणीतरी बोलावण्याची वाट पाहावी लागली.

१९५२ च्या जुलैमध्ये मॅटसन हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक, तर चार गुणिले ४०० मीटर रिलेत रौप्यपदक घेऊन आला. ४०० मीटरची अंतिम शर्यत २५ जुलैला झाली. दोन दिवस आधी, २३ जुलैला, त्याच शहरात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले होते. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. महाविद्यालय आणि खेळाडू यांच्यातल्या पैशाच्या नात्याची ही दोन टोके एकाच आठवड्यात हेलसिंकीत होती, एवढीच नोंद येथे पुरे.

शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाने मॅटसनला त्या वर्षीच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतले होते, आणि कुहॅरिचही प्रशिक्षक म्हणून त्याच संघात गेले. १९५९ मध्ये मॅटसनच्या बदल्यात लॉस एंजलिस रॅम्सने नऊ खेळाडू दिले. हा व्यवहार करणारा रॅम्सचा व्यवस्थापक रोझेल होता. जुन्या प्रसिद्धी-प्रमुखाला मालाची पारख पहिल्यापासून होती, असे गमतीने म्हणता येईल. मार्केटी बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळला आणि बचावातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. टोलरचे खेळाडूपण मात्र सुरू होण्याआधीच संपले. १९५२ मध्ये शिकागोतील एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील माध्यमिक शाळेचा पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये रोझेल आयुक्त असताना नॅशनल फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून नेमला गेला. पंचवीस हंगाम त्याने हे काम केले. ज्याला खेळायला बोलावले गेले नाही त्याच्या हाती खेळाचा नियम आला, आणि जानेवारी १९८० मध्ये तो सुपर बोल या व्यावसायिक अंतिम सामन्यात पंच म्हणून उभा राहिला. त्या सामन्याचे स्टेडियम योगायोगाने पॅसाडीनाचे रोझ बोलच होते.

मान्यतेचा काळ फार उशिरा आला. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी या संघावरील अन्यायाची दखल घेणारा ठराव अमेरिकेच्या सिनेटमध्ये मांडला, २००२ मध्ये क्रिस्टीन क्लार्क यांचे या हंगामावरील पुस्तक आले, आणि २००८ मध्ये ॲरिझोनातील फिएस्टा बोलने हयात असलेल्या खेळाडूंना सन्मानाने बोलावले. फिएस्टा बोल सुरू झाला १९७१ मध्ये. ज्यांनी १९५१ मध्ये दार लावले त्यांच्याऐवजी तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या संस्थेने ते उघडावे, ही अशा भरपाईची नेहमीचीच तऱ्हा आहे.

या सगळ्या कथनात दक्षिणेला खलनायक आणि कॅलिफोर्नियाला नायक करण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. १९५७ मध्ये बेसबॉलचा महान खेळाडू विली मेज सॅन फ्रान्सिस्कोत घर घेऊ लागला तेव्हा शेजाऱ्यांच्या विरोधामुळे ते त्याला प्रथम नाकारले गेले, आणि ते शहर मायामी नव्हते. विद्यापीठाच्या आवारातील विद्यार्थी-वसतिगृहाला दीर्घकाळ जेम्स फेलन यांचे नाव होते. फेलन हे या संस्थेचेच जुने विद्यार्थी, शहराचे महापौर आणि नंतर सिनेटर. १९२० च्या निवडणुकीत त्यांनी कॅलिफोर्निया गोरा ठेवण्याची घोषणा देऊन जपानी स्थलांतरितांविरुद्ध प्रचार केला होता. १९५१ च्या संघाचे कौतुक करणाऱ्या विद्यापीठाने ते नाव आपल्या इमारतीवरून काढण्यास २०१७ पर्यंत वेळ घेतला, आणि तेही विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरल्यावर. आता त्या वसतिगृहाला टोलरचे नाव आहे.